‘कुरूप’ शब्दासमोर कोणाचं चित्र? अंकलिपी आणि कार्यपुस्तिका छापणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी अंकलिप्या, तक्ते, कार्यपुस्तिका आणि गोष्टींची पुस्तकं काढणारे सर्व प्रकाशक, लेखक आणि चित्रकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरीला 22 वर्षं झाली, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. यंदा माझ्या वर्गाचा पट 31 आहे. त्यातली 19 मुलं शाळेमागच्या टेकाडावरच्या कातकरी वाडीतून येतात.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात शहरातल्या एका संस्थेनं आमच्या मुलांना दप्तरं, रंगपेट्या आणि कार्यपुस्तिका वाटल्या. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कार्यपुस्तिका गुळगुळीत कागदाची, रंगीत. मुलं पहिला अर्धा तास तिचा वासच घेत बसली होती. मधल्या एका पानावर विरुद्धार्थी शब्द होते. उंच आणि बुटका, तिथे नारळाचं झाड आणि तुळस. भरलेला आणि रिकामा, तिथे दोन हंडे. त्याखाली सुंदर आणि कुरूप, आणि तिथे दोन मुली.

त्या दोन मुलींकडे मी बराच वेळ पाहत राहिले. दोघींचा फ्रॉक एकच, पिवळा. उभं राहण्याची ढब एकच, हात तसेच, बूटही तेच. चित्रकारानं एकच आकृती दोनदा वापरली असणार. दुसरीत त्यानं चारच गोष्टी बदलल्या होत्या. कातडी काळी केली, केस कुरळे केले, नाक बसकं केलं आणि ओठ जाड केले. ती मुलगी कुणाला मारत नव्हती, रडत नव्हती, तोंड वेडंवाकडं करत नव्हती. नुसती उभी होती. खाली ठळक अक्षरांत ‘कुरूप’.

पहिलीतली एक कातकरी मुलगी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. तिनं त्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाई, ही आमच्या वाडीतली हाय का?”

ती हसत विचारत होती. तिला अजून वाचता येत नाही. चित्रांच्या पुस्तकात आपल्यासारखी दिसणारी मुलगी तिला पहिल्यांदाच भेटली होती आणि त्याचा तिला आनंद झाला होता. मी काय उत्तर द्यायचं होतं? मी म्हटलं, “असेल हो,” आणि सगळ्यांना पुढचं पान काढायला लावलं. बावीस वर्षांत वर्गात इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

ती कार्यपुस्तिका कोणाची, हे मी इथे लिहीत नाही. त्याला कारण आहे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गातलं कपाट उघडून जुने तक्ते खाली काढले. ‘आपले मदतनीस’ नावाच्या तक्त्यावर डॉक्टर, शिक्षिका, पोस्टमन, पोलीस सगळे गोरे आणि झाडूवाला तेवढा काळा. ‘चांगल्या सवयी, वाईट सवयी’मध्ये दात घासणारा मुलगा उजळ, रस्त्यावर केळ्याची साल टाकणारा सावळा. ‘आपला देश, आपली वेशभूषा’ या तक्त्यावर इतर जोडप्यांच्या खाली त्यांच्या राज्याचं नाव आणि शेवटच्या चौकटीत पिसं लावलेला, हातात भाला घेतलेला माणूस. त्याच्याखाली नुसतं ‘आदिवासी’. कुठला, कोण, कशाला नाव नाही. हे तक्ते वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या प्रकाशनांचे. आणि ते भिंतीवर मीच लावले होते, मीच छडी ठेवून वाचून घेतले होते. म्हणून हे पत्र एका घराला नाही, सगळ्यांना आहे, आणि लिहिणारी त्यातून सुटलेली नाही.

तुम्हाला बर्धमानचं प्रकरण आठवत असेल. जून 2020. पश्चिम बंगालमधल्या बर्धमान शहरातल्या मुलींच्या एका शाळेत पूर्वप्राथमिक वर्गाला इंग्रजी मुळाक्षरांचं पुस्तक लावलेलं होतं. त्यात ‘यू’ अक्षरासाठी ‘अग्ली’ हा शब्द आणि शेजारी काळ्या माणसाचं चित्र. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या, मुलांचा अभ्यास घरी चालला होता, म्हणून ते पान एका पालकाच्या नजरेला पडलं. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसानं गुडघ्याखाली दाबून मारल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. देशभर संताप उसळला. पुस्तक सरकारनं नेमलेलं नाही, शाळेनं आपल्या मनानं लावलं, असं तिथल्या शिक्षण खात्यानं सांगितलं आणि दोन शिक्षिकांना निलंबित केलं. त्याच महिन्यात गोरेपणाच्या मलमाच्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या ट्यूबवरच्या नावातून ‘फेअर’ शब्द काढायचं ठरवलं. आम्ही सगळ्यांनी वाचलं, चुकचुकलो आणि पुढे गेलो.

शिक्षिकांना जाब विचारायला हवाच होता. पुस्तक लावण्याआधी ते पान-पान पाहणं हे आमचं कामच आहे. पण ते चित्र त्या दोघींनी काढलं नव्हतं. कुणीतरी ते काढलं, कुणीतरी मान्य केलं, मुद्रितं तपासताना कुणाच्या तरी डोळ्यांखालून ते गेलं, छापलं गेलं, बांधलं गेलं, दुकानात आलं. एवढ्या हातांतल्या एकालाही ते खटकलं नाही, आणि शेवटी एका बापाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी किंवा पलंगावर मांडी घालून मुलीचा अभ्यास घेताना ते दिसावं, हे मला त्या चित्राहूनही जास्त बोचतं. संताप आला तोवर पुस्तक मुलीच्या मांडीवर होतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे. ते पान छापण्याआधी कुणाला तरी खटकायला हवं, आणि ज्याला खटकेल असा माणूस तुमच्या टेबलाशी बसलेला हवा.

मोठ्या वर्गांच्या सरकारी पुस्तकांवर निदान शेकडो डोळे असतात, आणि तरी चुका होतात. आपल्याकडे बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलगी कुरूप किंवा अपंग असणं हे एक कारण म्हणून दिलेलं होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यावरून गदारोळ झाला आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी तो मजकूर काढला जाईल असं सांगितलं. ते पुस्तक तोवर वर्गावर्गात शिकवलं जात होतं. पण ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं पुस्तक, त्यांना निदान वाद घालता येतो. तुमची पुस्तकं वाचणाऱ्यांना वाद घालता येत नाही. आणि तुमच्या पुस्तकांना कुठल्याच मंडळाची मान्यता घ्यावी लागत नाही. अंकलिपी काढायची तर कागद, छापखाना आणि विक्रेता पुरतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मे महिन्यात उभं राहिलं की एका तासात डोळ्यांसमोरून किती तऱ्हेच्या अंकलिप्या जातात! खेड्यातली जत्रा, एसटी स्टँडवरचा स्टॉल, आठवडा बाजार, सगळीकडे त्या पोहोचतात. जिथं दुसरं एकही पुस्तक नाही अशा घरात अंकलिपी असते. हा तुमचा मान आहे, आणि म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे.

“लहान मुलांना त्यातलं काय कळतं?” हे मी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ऐकलं आहे. अमेरिकेतल्या केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोनं 1940 च्या आसपास याचाच शोध घेतला होता. त्यांनी 3 ते 7 वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फक्त काही गोऱ्या आणि काही तपकिरी. मग साधे प्रश्न विचारले. तुला खेळायला कुठली आवडेल? छान कुठली? वाईट कुठली दिसते? सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ‘वाईट’ म्हणून निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली दाखवली. आणि शेवटचा प्रश्न होता, यातली तुझ्यासारखी कुठली? आत्ताच जिला वाईट म्हटलं तिच्याकडे बोट दाखवायची वेळ आली तेव्हा काही मुलं रडली, काही खोलीबाहेर पळाली. क्लार्क दांपत्यानं मुलांना आपलं चित्र रंगवायलाही दिलं होतं. पुष्कळ मुलांनी स्वतःला होती त्याहून उजळ रंगवलं. पुढे 1954 मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या कामाचा दाखला घेतला.

ती बाहुल्यांची हकिगत मी डी.एड.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. दोन फ्रॉकवाल्या मुली पाहिल्या तेव्हा ती खरी कळली. तुमच्या चित्रकारानं नकळत तोच प्रयोग पुन्हा मांडला आहे, फक्त इथे प्रश्न विचारलेला नाही. उत्तर आधीच छापलेलं आहे.

रंगवण्यावरून सांगते. माझ्या वर्गात रोज ऐकू येणारं एक वाक्य आहे, “ए, मला स्किन कलर दे ना.” तो फिकट गुलाबी, पीचसारखा खडू. पेटीत तो सगळ्यात आधी झिजतो. वाडीतली मुलंही आई-बाबांना रंगवायला तोच मागतात आणि पेटीत तो एकच असल्यामुळे त्यावरून भांडणं होतात. मी एकदा एका मुलाचा हात त्या खडूशेजारी धरला आणि विचारलं, “हा तुझ्या कातडीचा रंग आहे?” तो म्हणाला, “नाय.” मग म्हणाला, “पन चित्रात हाच देतात.” सहा वर्षांचं पोर. त्यानं नियम शिकून घेतला होता. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या पेटीत याच छटेला ‘फ्लेश’, म्हणजे अंगाचा रंग, असं नाव होतं. 1962 मध्ये त्यांनी ते बदलून ‘पीच’ केलं. त्यांच्याच ‘इंडियन रेड’ या तांबूस खडूचं नाव भारतातल्या एका रंगद्रव्यावरून पडलेलं. पण मुलांना तो तिथल्या मूळनिवासींच्या कातडीचा रंग वाटतो असं शिक्षकांनी कळवलं, तेव्हा 1999 मध्ये तेही नाव बदललं. 2020 मध्ये तर माणसांच्या कातडीच्या 24 छटांची वेगळी पेटीच त्यांनी काढली. आपल्याकडेही बंगळुरूच्या कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं खडूवरच्या ‘स्किन’ या नावाविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती. माझ्या वर्गात आता आम्ही त्याला ‘पेरूचा रंग’ म्हणतो, आतल्या गुलाबी पेरूचा. मुलांनीच ठरवलं. तुम्ही कार्यपुस्तिकेत ‘अंगाचा रंग द्या’ असं लिहून शेजारी तो ठिपका छापता, तेवढं थांबवलंत तरी माझं निम्मं काम होईल.

आता चित्रं बाजूला ठेवते आणि शब्दाकडे येते. हे लिहायला मला अवघड जातं आहे.

रायगडला बदली होण्याआधी मी सहा वर्षं सोलापूर जिल्ह्यात होते. दुसरीच्या वर्गात एक फासेपारधी मुलगा होता. नियमित यायचा, त्याच्या वस्तीतून येणारा तो एकटाच. एके दिवशी मी गोष्टीच्या पुस्तकातून कबुतरांची आणि जाळ्याची गोष्ट वाचत होते. पंचतंत्रातली, तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ असलेली. मी वाचलं, “तेवढ्यात तिथे एक दुष्ट पारधी आला.” अख्ख्या वर्गानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कुणी चिडवलं नाही, कुणी हसलं नाही, नुसतं पाहिलं. तो उठला, “बाई, पाणी प्यायला जाऊ?” म्हणाला आणि गेला. परत आला नाही म्हणून मी शोधत गेले तर चिंचेखाली पाठमोरा बसला होता. मी त्याला समजावलं, की ही जुनी गोष्ट आहे, पारधी म्हणजे शिकार करणारा, तुझा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यानं विचारलं, “मग शिकारी का नाही लिहिलं?”

त्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. पारध करणारा तो पारधी, हा मराठीतला साधा, जुना शब्द. गोष्ट लिहिणाऱ्यांच्या मनात जात नव्हती, हे मला मान्य आहे. पण 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला, त्यांत पारधीही होते. देश स्वतंत्र झाल्यावर 5 वर्षं 16 दिवसांनी, 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते ते कुणीही सांगेल. अशा वस्तीतून एक मुलगा दप्तर घेऊन शाळेत येतो आणि पुस्तक त्याला सांगतं, दुष्ट पारधी आला. त्या दिवसापासून मी तिथे ‘शिकारी’ वाचते. गोष्टीतलं एकही कबुतर कमी होत नाही, जाळं तसंच उडतं, उंदीर तसाच कुरतडतो. तुमच्या पुढच्या आवृत्तीत हा एक शब्द बदलायला पैसे पडत नाहीत. तरी दरवर्षी नवीन रंगीत आवृत्ती येते आणि पारधी दुष्टच राहतो. उलट आता त्याला चित्रही मिळालं आहे, काळंकुट्ट, लाल डोळ्यांचं.

मुलं घरी आणि अंगणात काय ऐकतात हेही मला ठाऊक आहे. केस विंचरले नाहीत की “काय कातकरणीसारखी फिरतेस,” कपडे मळले की “वडाराचं पोर दिसतंस,” भांडली की “कैकाड्यासारखं ओरडू नकोस.” हे चांगल्या घरांतले, एरवी मायाळू लोक बोलतात. पुस्तकानं हे सगळं निस्तरावं अशी माझी अपेक्षा नाही. पण पुस्तकानं त्याला दुजोरा देऊ नये. अंगणातलं बोलणं हवेत जातं, छापलेलं टिकतं. आमच्याकडे पोरं म्हणतात, “पुस्तकात हाय!” आणि तिथे वाद संपतो.

स्नेहसंमेलनाबद्दल एक कबुली इथेच देते. 9 वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मी ‘आदिवासी नृत्य’ बसवलं होतं. गावातल्या मुलांच्या तोंडाला काजळी फासली, कमरेला आंब्याचे टहाळे बांधले, हातात पुठ्ठ्याचे भाले दिले. टाळ्या खूप पडल्या. वाडीतली मुलं समोर मातीत बसून बघत होती, त्यांना नाचात घ्यावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर वाडीतले एक आजोबा मला एवढंच म्हणाले, “बाई, आमी आसं कवा नाचतो?” मी तो नाच कुठून घेतला होता? तुमच्याच त्या तक्त्यावरच्या शेवटच्या चौकटीतून. मला दुसरं काही माहीत नव्हतं आणि शेजारच्या टेकाडावर जाऊन विचारावं असं वाटलं नव्हतं.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभरातली नऊहून अधिक माणसं आदिवासी आहेत, एक कोटीच्या वर. तुमच्या पुस्तकांत ती कुठे आहेत? पानांच्या कडेला वारली नक्षी असते, ती मी पाहते. गेरूवर पांढरी, दोन त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणारा, फेर धरलेला. जिव्या सोमा मशे यांच्या हातानं ती कला जगभर गेली, त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या चौकटीच्या आतल्या गोष्टीत वारली मुलगी नसते. नक्षी घेतली आणि माणूस दाराबाहेर ठेवला. आमची कातकरी मुलं दुसरीत असताना खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं ते ओळखतात. पावसाच्या पहिल्या पाण्याला वलगणीचे मासे कुठल्या ओहोळात चढतील ते सांगतात. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या कामावरून त्यांच्या जमातीला नाव पडलं, असं सांगतात. यातलं काहीच कुठल्या कार्यपुस्तिकेत नाही. ‘म मासा’ असतो, तोही काचेच्या भांड्यातला सोनेरी.

आणि हे कधी कुणी केलंच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेली. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. परदेशी महागडी साधनं परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिकवण्याची साधनं उभी केली. ती साधनं त्या मुलांच्या पायाखालची होती, म्हणून कुठल्याही मुलाला त्यात आपण परके वाटलो नाही. आपल्या घरातलीच ही वाट आहे. तुम्हाला नवं काही शोधायचं नाही.

“आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं,” असं तुम्ही म्हणाल. मी ते खरं मानते. 2015 मध्ये टेक्सासमधल्या एका 15 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलानं भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो काढून आईला पाठवला. आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ अमेरिकेतल्या मळ्यांवर काम करायला आणले गेले, असं नकाशाखाली लिहिलेलं होतं. साखळदंडांत आणलेल्या गुलामांना कामगार म्हटलं होतं. आईनं ते जगापुढे मांडलं. मॅकग्रॉ-हिल ही बलाढ्य प्रकाशन संस्था, पण तिनं चूक कबूल केली, मजकूर बदलायचं जाहीर केलं आणि छापून गेलेल्या पुस्तकांसाठी शाळांना चिकटवायचे स्टिकर किंवा नवीन प्रती देऊ केल्या. त्यांनाही तसं म्हणायचं नसेल. पण मुलाच्या हातात पुस्तक पडल्यावर म्हणणाऱ्याचा हेतू पुस्तकाबरोबर जात नाही, छापलेलं तेवढं जातं.

कुणाचं दुकान बंद पाडावं, कुणाच्या कार्यालयात घुसावं, असं माझ्या मनातही नाही. 2012 मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून वाद झाला तेव्हा पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे एक सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली होती. तसला संताप मुलांच्या काही कामाचा नाही. पुस्तकवाले घाबरतात, आणि घाबरलेला माणूस काळी मुलगी पुस्तकातून काढूनच टाकतो. मला ती पुस्तकात हवी आहे. ‘सुंदर’ शब्दासमोर हवी आहे, ‘हुशार’समोर हवी आहे, आणि नुसती पतंग उडवताना, आजीच्या मांडीवर, झोपाळ्यावर, कुठलाही शब्द न चिकटवता हवी आहे. आणि ‘सुंदर’ला विरुद्धार्थी शब्द पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचाच कशाला? आत-बाहेर, ओलं-सुकं, जड-हलकं, मराठीत विरुद्धार्थी शब्दांचा दुष्काळ नाही. माणसाचं तोंड काढून त्याखाली कुरूप लिहिण्यावाचून कुठलंच भाषाशिक्षण अडत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलम सांगतं, की मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील असा अभ्यासक्रम असावा. तो कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलांना तुमच्या विवेकाचाच आधार आहे.

मग करायचं काय? तुमच्या पुस्तकांची छपाई साधारण मार्चपासून सुरू होते. त्याआधी, जानेवारीत, कच्ची पानं आमच्यासारख्या एखाद्या शाळेत आणा. मोठी समिती नको, मानधन नको. मुलांसमोर ती पानं पसरा आणि गप्प बसा. मूल कुठे बोट ठेवतं, काय विचारतं, कुठल्या पानावर शेजारच्याकडे पाहून हसतं आणि कुठल्या पानावर खाली बघतं, ते एका तासात दिसतं. वाडीतल्या आयाही येतील. फक्त दिवाळीनंतर आमची निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, मुलंही जातात, तेव्हा जानेवारीत त्या भट्टीवर भेटतील. मी बरोबर येईन. आणि चित्रकारांना माझी वेगळी विनंती आहे. एकदा हातात वही घेऊन माझ्या वर्गात बसा. काळ्या रंगात किती रंग असतात ते 19 चेहऱ्यांवर बघा. पावसात भिजून आलेल्या, उन्हात तापलेल्या, खिडकीशी बसलेल्या. तुम्ही ‘काळा’ म्हणून एकच डबी उघडता, तसं मग होणार नाही.

ते पान मी झाकून पाहिलं. 31 पुस्तकांत पांढरा कागद खळ लावून चिकटवला. दोन दिवसांत अर्ध्या मुलांनी तो नखानं खरवडून काढला, कारण झाकलेलं बघायचंच असतं. पुस्तकं काढून घ्यावीत तर आयुष्यातलं पहिलं रंगीत पुस्तक मुलांच्या हातातून ओढून घ्यावं लागेल. ते माझ्यानं होत नाही.

ज्या मुलीनं मला विचारलं होतं, ती झपाट्यानं शिकते आहे. काना, वेलांटी झाली. उकार आम्ही ऑगस्टमध्ये घेतो, अनुस्वार त्यानंतर येतो. म्हणजे त्या दोन शब्दांपैकी ‘कुरूप’ तिला आधी वाचता येईल आणि ‘सुंदर’ नंतर. ही कार्यपुस्तिका ज्यांनी काढली आहे, त्यांनी हे पत्र वाचलं तर पान ओळखतील. बदललेलं पान त्याआधी पाठवा. एकतीसच्या एकतीस पुस्तकांत मी स्वतः बसून चिकटवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
रायगड जिल्हा